अंदमानला दोघंच सॅक टाकून जाणार असाल, तर आधी बोटींचं बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अंदमानचे बेत शिजायला लागतात. दोघं मित्र, पाठीवर एकेक सॅक, राहायचं तिथं गेल्यावर बघू, असा एकूण थाट. जरूर जा. पण सहा दिवसांत पाच बेटं उरकायचा जो बेत हल्ली जो तो आखतोय, त्याला माझा सरळ विरोध आहे. सहा दिवसांना दोन बेटं पुरेत. आठ-नऊ दिवस हाताशी असतील तरच तिसऱ्याचं नाव काढा.

कारण साधं आहे. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी वेगवान बोटीनं दीड तास लागतो, सरकारी बोटीनं अडीच. कागदावर तेवढंच दिसतं. पण जेट्टीवर तासभर आधी पोचायचं, ओळखपत्र दाखवायचं, सामान तपासून घ्यायचं, पलीकडे उतरलं की रिक्षा, मग खोली. सकाळी एक खोली सोडल्यापासून दुसऱ्या खोलीत सॅक टेकेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. त्यात तिथला दिवस लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापेक्षा साडेअठरा अंश पूर्वेला. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो, तेव्हा कोल्हापुरात अजून तासभर उजेड असतो. म्हणजे दुपारी दोनला खोलीवर पोचलात तर समुद्र बघायला जेमतेम तीन तास उरतात. निवांत उठून, भरपेट नाश्ता करून दहाला बाहेर पडायची सवय तिथं चालत नाही. पाचला उठा, साडेपाचला किनाऱ्यावर असा.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून घ्या. ३० डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलण्यात सगळीकडे जुनी नावं चालतात, तिकिटावर नवी दिसली तर दचकू नका.

आता बोटी. सरकारी बोट ही तिथल्या लोकांची एसटी आहे. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं तिच्यावर चालतं, म्हणून तिथल्या रहिवाशांना त्यात प्राधान्य मिळतं आणि ते योग्यच आहे. तिकीट काही शेकड्यांत मिळतं, पण पर्यटकाला हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही. खासगी बोटीचं तिकीट हजाराच्या पुढं जातं, मात्र ते घरबसल्या आधी काढता येतं. माझा सल्ला असा: जातानाची खासगी बोट आधी पक्की करा, सरकारीचा प्रयत्न मधल्या टप्प्यावर करा. आणि जेट्टी नीट वाचा. पोर्ट ब्लेअरला सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी सहसा हॅडो वार्फवरून. चुकीच्या जेट्टीवर पोचून बोट हुकली तर पैसे परत मिळत नाहीत.

मार्ग त्रिकोणी ठेवा: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर. हॅवलॉक-नील हा टप्पा तासाभराचाच आहे. प्रत्येक वेळी पोर्ट ब्लेअरला येऊन पुन्हा निघणारे लोक बघितले की वाईट वाटतं, सुट्टीचा सगळा वेळ जेट्टीवर जातो. तिसरं बेट हवंच असेल तर लाँग आयलंड घ्या. तिथं जाणारी बोट रोज मिळेल असं धरू नका, म्हणून मागेपुढे एक दिवस मोकळा लागतो. लिटल अंदमानला सरकारी बोटीनं सात-आठ तास लागतात, ते सहा दिवसांच्या बेतात बसत नाही. तिथली गर्दी नसलेली पुळण मला स्वतःला फार मोलाची वाटते, पण त्यासाठी वेगळी रजा काढा.

एक नियम मात्र मोडू नका. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. सकाळच्या बोटीनं येऊन दुपारचं विमान पकडणं जमतं, समुद्र शांत असेल तोवर. वारा वाढला की बंदर खातं बोटी थांबवतं, आणि तेव्हा खासगी-सरकारी असा फरक राहत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चक्रीवादळाच्या हवेमुळं हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते, नौदलाला जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढावं लागलं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ, म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथं मान्सून पोचतो, म्हणून मेची सुट्टीही शेवटाला धोक्याची. जमत असेल तर जानेवारी ते मार्च धरा. दिवाळीतच जायचं असेल तर एक अख्खा दिवस राखीव ठेवा आणि त्या दिवसाचे पैसेही राखीव ठेवा.

कोल्हापुरातून निघायचं तर रात्रीच्या बसनं बंगळूर गाठून तिथून विमान, हे बहुतेकांना परवडतं. फक्त बस सकाळी सातला पोचणार म्हणून दहाचं विमान काढू नका. हायवेला कामं निघतात, बस तुमकूर रोडनं शहरात शिरते आणि विमानतळ तिकडे देवनहळ्ळीला. दुपारनंतरचं किंवा दुसऱ्या दिवसाचं विमान काढा. हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपती, तिथून बसनं चेन्नई आणि चेन्नईहून विमान, हा लांबचा पण खिशाला हलका रस्ता. चेन्नईहून जहाजही जातं, पण ते जवळपास तीन दिवस घेतं.

सॅक चाळीस लिटरची पुरते, भरल्यावर आठ-नऊ किलोच्या वर नको. दोघं असण्याचा खरा फायदा इथं आहे. प्रथमोपचाराचा डबा, चार्जर, टॉर्च, साबण, सनस्क्रीन एकेकच घ्या आणि वाटून भरा. सिम मात्र दोघांची वेगवेगळ्या कंपन्यांची असू द्यात. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, तरी एका कंपनीची रेंज गेली की दुसरी उपयोगी पडते. दहा लिटरची एक ड्राय बॅग घ्या, फोन, पैसे आणि ओळखपत्रं तिच्यात. जीन्स नको, त्या दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. घरची कांदा-लसूण चटणी न्यायची तर ती चेक-इनच्या सॅकमध्ये घट्ट बांधून टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, कारण खोबऱ्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

आणि कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा. अस्सल चप्पल झाडाच्या साली आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याची असते. खारं पाणी लागलं की कातडं पाणी पितं, वाळताना आत मीठ राहतं, तळ ताठ होऊन वाकडा होतो आणि शिवण ताणते. वर ओल्या हवेत दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. मागे पट्टा असलेली रबराची सँडल न्या. प्रवाळाच्या खडकावर तीच पाय वाचवते. प्रवाळानं कापलेली जखम लहान दिसते पण चिघळते. पिण्याच्या पाण्यानं भरपूर धुवा, आत राहिलेले कण काढा, मगच औषध लावा.

नीलवर लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल आणि त्याखालची डबकी ओहोटीलाच बघता येतात. आज ओहोटी दहाला असेल तर उद्या साधारण पावणेअकराला, रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागं जातं, म्हणून तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, एका पावलानं कित्येक वर्षांची वाढ मोडते.

हॅवलॉकला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, करणार असाल तर पोहता येण्यापेक्षा कानाचं महत्त्व जास्त. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट होतो आणि कानातली हवा आक्रसते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दर मीटरला, दुखायच्या आधी. दुखेपर्यंत थांबलात तर मग कान सुटत नाही आणि प्रशिक्षक वर आणतो. सर्दी असेल तर त्या दिवशी नकोच. दम्याचा त्रास फॉर्मवर लपवू नका. डायव्हनंतर किमान अठरा तास विमान नको, म्हणून स्कूबा बेताच्या सुरुवातीला ठेवा. दोघांपैकी एकाला करायचं नसेल तर त्याला ओढू नका, त्यानं खुशाल सायकल काढून फिरावं.

पंचगंगेत पोहणाऱ्यांना एक विनंती. नदीचं पोहणं आणि समुद्राचं वेगळं. पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग वळा. मगरींच्या पाट्या शोभेला लावलेल्या नसतात. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याच्या बाजूला मगरीच्या हल्ल्यात एक पर्यटक मुलगी गेली. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरूच नका.

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. गोळीनं गुंगी येते, म्हणून उतरल्यावर स्कूटर दुसऱ्यानं चालवावी. जागा खालच्या मजल्यावर मधली घ्या, तिथं हेलकावे कमी.

पैशांचं निघायच्या आधीच बोला. दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी, खोली, रिक्षा, जेवण त्यातून. स्कूबा ज्याचं त्यानं. रोख पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटांवर एटीएम मोजकी आहेत.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू देत. विमानतळावर सामान तपासतात आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं. बाराटांगच्या रस्त्यानं गेलात तर जारवा आदिवासींच्या वस्तीच्या भागात गाडी थांबवायची नाही आणि फोन खिशातच ठेवायचा. तिथं फोटो काढणं गुन्हा आहे. ती माणसं बघायला म्हणून त्या रस्त्यानं जाऊच नका.

कुणाचं ठरत असेल तर तारखा आणि हाताशी किती दिवस आहेत ते खाली लिहा, बोटींचा क्रम लावायला मदत करतो.