मकबरा पांढरा आहे, मान्य. पण इतका?

बीबी का मकबऱ्याचा फोटो, आणि घुमट आभाळात विरघळलेला! काहून? भर दुपारी फोन उचलला, बटण दाबलं, झालं. अहो, पांढऱ्या घुमटावर बोट दाबून धरा, फोकस अन् एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह जरा खाली ओढा. दिसू द्या की फोटो काळपट! सावली नंतर एडिटमध्ये उजळता येते. जळालेला पांढरा भाग परत येत नाही, तिथं तपशील उरलेलाच नसतो. पण नाही. हायलाइट, म्हणजे फोटोतला उजळ भाग, उणे १०० वर नेतात, घुमट राखाडी होतो, मग सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, अधिक १००. आभाळ म्हणजे निळीचं पाणी! आणि लेन्स? बोटांच्या तेलानं माखलेली. रात्री दिव्यांभोवती धुकं दिसतं ते त्याचंच. चष्म्याच्या कापडानं पुसा. टेली लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) नसलेल्या फोनवर बोटं फाकवून केलेला झूम म्हणजे नुसतं कातरकाम. त्यापेक्षा चार पावलं पुढं जा. वर १२ मेगापिक्सेलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवून जेमतेम दोन-तीनवर आणायचा. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला दोन टिचक्या जास्त लागतात, तेवढंच लै जिवावर येतं!