काचेवरच्या पावत्या, तिठ्यावरची वही

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या गणपतीच्या वर्गणीपेक्षा जास्त भांडण सुपरमार्केटवरून चाललंय. कुडाळच्या पुढे हायवेला घाटावरच्या एका साखळीचं दुकान दोनेक वर्षांपूर्वी आलं. आता गोव्याची एक साखळी त्याच्या समोरच जागा बघतेय म्हणे. लगेच मेसेज सुरू: 'आपला पैसा आपल्याच तालुक्यात', 'तिठ्यावरचं दुकान जगवा'. एकानं तर गोवेकर शेजारी म्हणून चालतील, घाटावरचे नकोत, असा तोडगाही काढला. यात सगळ्यात पुढे कोण, तर मुंबईकर आणि दुबईकर चाकरमानी. मीही अमेरिकेतून एक अंगठा टाकला आणि वहिनीनं तो तिथल्या तिथे छाटला: 'भावजीनु, तुमी थंयसून अंगठे टाकतास. म्हयन्याचा सामान आमका भरूचा लागता.'

गप्प बसलो. पण मग विचार करत राहिलो, कारण दुकानावरची निष्ठा मी डोळ्यांनी पाहिलीय, आणि तीही परक्या गावात.

मी राहतो मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला. मार्केट बास्केट ही इथली घरची साखळी. एका ग्रीक जोडप्यानं 1917 मध्ये याच गावात टाकलेल्या छोट्या दुकानातून वाढलेली. 2014 च्या जूनमध्ये संचालक मंडळानं तिचे प्रमुख आर्थर टी. डेमोलस यांना काढून टाकलं. काढणाऱ्या गटाचे म्होरके त्यांचेच चुलत भाऊ, आर्थर एस. दोघांचं नाव एकच, आजोबांवरून ठेवलेलं. कोकणातल्या माणसाला ही भाऊबंदकी समजावून सांगायला नको. पण पुढे जे झालं ते आपल्याकडे सामायिक बागेच्या दाव्यात कधी होत नाही. काढलेल्या मालकासाठी नोकर रस्त्यावर आले. युनियन नाही, काही नाही. गोदामातून माल सुटेना, भाजीची फडताळं रिकामी. गिऱ्हाइकं दुसरीकडे खरेदी करायची आणि तिथल्या पावत्या आणून मार्केट बास्केटच्या काचेवर चिकटवायची. बघा, एवढा गल्ला आज तुमच्या हातून गेला! मीही एक लावली. दूध, अंडी, कांदे, सदतीस डॉलर. चिकटपट्टी शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी दिली, आणि माझी पावती वाचून 'कांदे महाग पडले तुला' म्हणाल्या. ऑगस्टअखेर आर्थर टी. यांनी भावाच्या बाजूचा 50.5 टक्के वाटा दीड अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेण्याचा करार केला, तेव्हा कुठे दुकानं भरली.

ही माणसं 'स्थानिक' म्हणून उभी राहिली का? मला नाही वाटत. स्टॉप अँड शॉपसुद्धा याच राज्यात जन्मलेली साखळी, आज मालक डच कंपनी आहे. तिच्यासाठी गिऱ्हाइकांनी असं काही केलेलं मी तरी पाहिलं नाही. मार्केट बास्केटमध्ये माल स्वस्त, नोकरांना नफ्यात वाटा, आणि त्या वर्षी जानेवारीपासून सगळ्या मालावर 4 टक्के सूट. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना बांधून ठेवणारं पॉइंटांचं कार्ड या दुकानाकडे नाहीच.

आता तिठ्यावरचं दुकान. माझ्या लहानपणी पंचक्रोशीत तेवढं एकच. काकांची मनीऑर्डर मुंबईहून येईपर्यंत शेठ वहीवर मांडून ठेवायचा. त्या वहीनं आमच्यासारखी कितीतरी घरं पावसाळाभर जगवली, हे मी कधी नाकारणार नाही. पण एकदा आईनं खवट शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात देऊन परत पाठवलं. मी पुडी गल्ल्यावर ठेवली. शेठ काही बोलला नाही. त्यानं वही काढली, आमचं पान उघडलं आणि वरून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं. मी पुडी उचलून घरी आलो. आईनं ते शेंगदाणे पुन्हा भाजले आणि मिरचीच्या चटणीत दडपले.

ग्रुपवर ज्याला निष्ठा म्हणतात त्यातली किती त्या बोटाखाली दबलेली होती, हा माझा प्रश्न आहे. लोवेलच्या लोकांकडे पावत्या होत्या, कारण जायला दुसरी दुकानं होती. आमच्याकडे दुसरं दुकान नव्हतं, तेव्हा निष्ठा होती की नाइलाज, ते शेठलाही कळलं नसणार.

मोठ्या साखळ्या काही धर्मादाय नव्हेत, तेही कळतं. 2025 मध्ये आर्थर टी. यांना मंडळानं पुन्हा काढलं, या खेपेला भांडण सख्ख्या बहिणींशी. पण 2014 सारखी फडताळं ओस पडली नाहीत. मीसुद्धा मुकाट्यानं जाऊन दूध घेऊन आलो.

आपल्या किनाऱ्यावर मला भावतो तो गोवा बागायतदार संस्थेचा प्रकार. बागायतदाराची सुपारी-काजू घेणारी संस्थाच किराणा विकते. पैसा फक्त गल्ल्यात पडत नाही, बागेतही येतो. हायवेच्या दोन्ही साखळ्यांना विचारायचं तर तेच विचारावं: उकडे तांदूळ कुणाचे घेणार, कोकम कुठलं ठेवणार, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या आमच्या पोरींना पगार किती? मालक गोव्याचा की घाटावरचा, यावर शंभर मेसेज पडले. हे तीन प्रश्न एकानंही टाकलेले नाहीत. आता मीच टाकणार आहे, वहिनी काय म्हणायचं ते म्हणो.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा तिठ्यावर गेलो. शेठ आता नाही, मुलगा बसतो. फोनवरून पैसे घेतो, वहीही आहे. शेंगदाणे मागितले तर त्यानं पोत्यात हात घातला, चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, 'आधी चाखून बघा.' हायवेचं दुकान येण्यापूर्वी असं कुणी म्हटलं नव्हतं. मी अर्धा किलो घेतले.