एक बदलायला जावे, तर चार बदलावे लागतात

जुन्या शिडाच्या नौकेवर एखादे उपकरण बदलायचे ठरवले की ते एकटे कधीच बदलता येत नाही, आणि दर हंगामात याच गोष्टीने जीव मेटाकुटीला येतो. डोलकाठीवरचा वारामापक एनएमईए ०१८३ या, नौकेवरच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या १९८३ सालच्या पद्धतीने माहिती पाठवतो, नवा चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर नौकेची जागा दाखवणारा पडदा) तिच्याशी थेट न जुळणाऱ्या एनएमईए २००० या नंतरच्या पद्धतीवर चालतो, म्हणून मध्ये रूपांतरक बसवावा लागतो. लिथियम बॅटरी घेतली, तर ती इतका प्रवाह सलग ओढते की इंजिनावरचा जुना अल्टरनेटर (बॅटरी भरणारे वीजजनित्र) तापून जळू शकतो; मग चार्जिंगची सगळी व्यवस्थाच नवी करणे आले.

खरा संताप मात्र बोल्टांचा येतो. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ३०४ मध्ये ते मुद्दाम घातलेले नसते, आणि खाऱ्या पाण्यात टिकाऊपणाचा फरक पडतो तो मुख्यतः त्यामुळेच. दिसायला दोन्ही सारखे, लोहचुंबकानेही खात्रीने न ओळखता येणारे, त्यामुळे मुंबईच्या बाजारात ३०४ चा माल ३१६ च्या भावाने गळ्यात मारला जातो आणि पावसाळ्यानंतर नौका पाण्यात उतरवली की काही आठवड्यांतच डेकवर तांबूस ओघळ दिसू लागतात. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत तर कोणताही स्टीलचा बोल्ट, मध्ये योग्य लेप नसेल तर, अॅल्युमिनियम गंजून होणाऱ्या पांढऱ्या भुकटीत असा रुतून बसतो की काढताना त्याचे डोकेच तुटते. ज्या बोल्टांवर डोलकाठीचे ताण तोलले जातात, त्यांची प्रत बिलावर लिहून देण्यास दुकानदाराने का कचरावे?