‘१४ टक्के टेंडर व्होट पडले की फेरमतदान’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

निवडणूक लागली की विट्यापासून पाटणपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. यादीत नाव नसेल तर आधार दाखवून ‘कलम ४९-ए’खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचे मत आधीच कुणी दिले असेल तर टेंडर व्होट मागा. केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान. यातले मधले वाक्य तेवढे खरे आहे, तेही अर्धेच.

यादीत नाव नसेल तर मत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ मध्ये हे स्पष्ट आहे. आधार दाखवून एवढेच सिद्ध होते की यादीतला तो माणूस मीच. आणि ४९-ए हा १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे! मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला नाही.

चॅलेंजचा प्रकार तर नेमका उलटा. नियम ४९-जेनुसार मतदार चॅलेंज मागत नाही. उमेदवाराचा पोलिंग एजंट समोरच्याच्या ओळखीवर आक्षेप घेतो, तोही केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरून. आक्षेप खरा निघाला तर त्या माणसाला मत नाकारून पोलिसांच्या हवाली करतात, नाहीतर तो मत देतो. आक्षेप घ्यायची वेळ पहिला मतदान अधिकारी नाव पुकारतो तीच. बटण दाबले गेले की संपले. म्हणून एजंट माणसे ओळखणारा, त्याच वस्तीतला हवा. बाहेरून आणून बसवलेला हुशार कार्यकर्ता इथे कुचकामी.

टेंडर व्होट, म्हणजे प्रदत्त मत, नियम ४९-पीत आहे. तुमच्या नावावर कुणी मत देऊन गेले असेल तर केंद्राध्यक्ष ओळखीचे प्रश्न विचारतो, नमुना १७-बीवर सही घेतो आणि कागदी मतपत्रिका देतो. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते. ‘तुमचे झालेय, घरी जा’ असे उत्तर मिळाले तर ऐकू नका, १७-बी मागा. मात्र हे मत मतमोजणीत धरत नाहीत. त्याचा विचार होतो तो निवडणूक याचिकेत, उच्च न्यायालयात. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्याची जागा एका मताने गेली, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता.

आता ते १४ टक्के. असा आकडा ना कायद्यात आहे, ना नियमांत. केंद्रावर प्रदत्त मतपत्रिका दिल्या जातात साधारण २०. हजार मतदानाचे १४ टक्के म्हणजे १४०. तेवढे कागदच तिथे नसतात. फेरमतदान निवडणूक आयोग ठरवतो, १९५१ च्याच कायद्याच्या कलम ५८ आणि ५८-ए खाली: यंत्र पळवले, मोडले, प्रक्रियेत मोठी चूक झाली किंवा केंद्र ताब्यात घेतले तर.

या मेसेजने खरे नुकसान होते ते बाहेर राहणाऱ्यांचे. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले, जावळी-पाटणचे माथाडी मुंबईत. ‘जाऊन आधार दाखवू’ म्हणून यादी कुणी बघत नाही. नावापुढे ‘स्थलांतरित’ शेरा असेल तर ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र आणि अंगठ्यावर मत देता येते. नाव कापले गेले असेल तर नाही. नमुना ६ भरून ते परत येते, पण उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादी बंद. बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) त्याआधी किमान दहा-बारा दिवस अर्ज गेलेला बरा. मुंबईत आणि गावात दोन्हीकडे नाव ठेवायचा मोह टाळा: दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही बाद. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची घेतात, तेव्हा ती तारीख उलटली की तहसीलदारही नवे नाव घालू शकत नाहीत.