मत द्या, मत विचारू नका

"मी जज्जच्या निवडणुकीला उभी राहतेय," असं मी फ्लोरिडाहून पुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, पण त्याची परीक्षा असते ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. शेजारच्या काकूंचा पुतण्या एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन घाट चढून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश झाला होता आणि त्याचे पेढे तिनं खाल्ले होते.

"इथे परीक्षा नाही. वकिलीची पाच वर्षं झाली की उभं राहायचं. लोक मतं देतात."

"नगरसेवकासारखं? मग पक्ष कुठला?"

"पक्ष सांगायचा नाही."

"अगं, मग लोकांनी मत द्यायचं कशावर?"

एप्रिल ते ऑगस्ट मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत हिंडत होते.

कोर्ट तसं साधंच, काउंटी कोर्ट. वाहतुकीची चलनं, किरकोळ गुन्हे, घरमालक-भाडेकरूंची भांडणं, ५० हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे. अर्ज भरायचा तर न्यायाधीशाच्या वार्षिक पगाराच्या ४ टक्के शुल्क. मी खुशीत विचारलं, जिंकल्यावर परत मिळतात ना? नाही. म्हणजे आपल्याकडे निकालानंतर अनामत जप्त होते, इथे ती आधीच जप्त करून मग लढायला सोडतात.

अर्जासोबत न्यायाधीशांची आचारसंहिता वाचल्याची सही द्यावी लागते. मी ती खरोखरच वाचली, हे माझं पहिलं दुर्दैव. पक्षाचं नाव घ्यायचं नाही. कोर्टापुढे येऊ शकेल अशा विषयावर कसलंही वचन द्यायचं नाही. एक आजोबा तावातावानं म्हणाले, "शेजाऱ्याचा कुत्रा रोज माझ्या हिरवळीवर येतो, तुमचं काय मत आहे?" मी म्हटलं, "मी कायद्याप्रमाणे निष्पक्षपणे निर्णय देईन." ते म्हणाले, "कुत्र्याच्या बाजूची दिसतेस."

पण खरी गंमत पैशांची. उमेदवारानं स्वतः वर्गणी मागायची नाही, समितीनं मागायची. टॅम्पाच्या एका वकीलबाईंनी सहीनिशी पत्रं पाठवून मदत मागितली होती. निवडणुकीत त्या ८०-२०नं पडल्या, वर वकील संघटनेनं तक्रार केली, आणि ते प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ साली तिथे पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की बंदी योग्यच आहे. मात्र कुणी किती दिले ते उमेदवाराला कळलं तर चालतं. आभाराचं पत्रही लिहिता येतं. फक्त मागायचं नाही. "आमची काही अपेक्षा नाही हो, तुमच्या मुलीला काय घालायचं ते तुम्ही घाला," हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

मग आमच्याच दिवाणखान्यात समितीची, म्हणजे आमच्या मंडळाची, माणसं जमायची. कोषाध्यक्ष झालेली माझी मैत्रीण घसा खाकरून म्हणायची, "तर आता खर्चाचं..." की मी उठून स्वयंपाकघरात. बाहेर वडीलधाऱ्यांची देण्याघेण्याची बोलणी आणि आत मी पोह्यांवर खोबरं पेरतेय. माझ्या खऱ्या लग्नातसुद्धा मी इतकी आज्ञाधारक नव्हते. एका माणसाकडून हजार डॉलरच्या वर घेता येत नाहीत, पण ही मर्यादा तोडण्याचा मोह आमच्या मंडळात कुणालाच झाला नाही.

त्यात आडनाव सहस्रबुद्धे. इंग्रजीत तेरा अक्षरं. रस्त्याकडेच्या पाटीवर ती मावायची म्हणजे अक्षरं मुंग्यांएवढी. गाडीतल्या माणसाचं 'सहा'पर्यंत वाचून होतं न होतं तोच सिग्नल सुटायचा. माहेरचं लेले लावलं असतं तर दोन पाट्यांचा मजकूर एका पाटीत बसला असता. आईनं हे मला पाच वेळा ऐकवलं.

प्रतिस्पर्धी एकच होते, साठीकडे झुकलेले स्थानिक वकील. एखाद्या पक्षाच्या सभेत बोलायचं, तर तिथे आमच्या जागेच्या दुसऱ्या उमेदवारालाही बोलावणं लागतं, असा नियम. त्यामुळे मी जाईन तिथे ते. तीच प्लॅस्टिकची खुर्ची, तेच गारढोण बटाट्याचं सॅलड आणि तेच भाषण. त्यांच्या आजोबांची संत्र्यांची बाग १९८९च्या डिसेंबरच्या गारठ्यात कशी जळाली, हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा ऐन वाक्यात त्यांना ठसका लागला तेव्हा "...आणि सकाळी झाडावर बर्फ लटकत होता" हे खालून मीच पुरं केलं. नवरासुद्धा माझं भाषण एकदाच ऐकून 'छान' म्हणाला होता. या माणसानं ते तीसेक वेळा ऐकलं.

संयोजक माझ्या नावाचे हाल करायचे. सहारा, सुडोकू, एकदा तर नुसतंच 'मिसेस बुद्धा'. एका संध्याकाळी हे गृहस्थ कागदी रुमाल आणि पेन घेऊन शेजारी बसले. "नीट सांगा. रोज ऐकतोय, लाज वाटते." आम्ही सॅलड बाजूला सारून स, हस्र, बुद्धे असं घोकलं. मी अर्थही सांगितला, हजार बुद्धी असलेला. ते म्हणाले, "हे पाटीवर लिहू नका. मी हरेन."

मतदानाच्या दिवशी प्रचार करायचा तो दारापासून १५० फुटांवर. ऑगस्टची दुपार, चार वाजता ठरल्याप्रमाणे ढग फुटले. माझी छत्री उलटी झाली, मग आम्ही दोघं त्यांच्याच छत्रीखाली आपापल्या पाट्या धरून उभे. एक बाई धावत येताना थबकल्या. "जज्जसाठी कोण बरं आहे?" आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो, "निष्पक्षपणे सांगायचं तर..." तोवर बाई आत गेल्या होत्या.

मी पडले. आई म्हणाली, "लेले."

ते जानेवारीत खुर्चीवर बसले आणि मार्चमध्ये माझा एक मुदतवाढीचा अर्ज त्यांच्याचपुढे आला. न्यायाधीश बदलून मागता आला असता, पण मागितला नाही. कारकुनानं पुकारा सुरू केला, "मिस साहा... सॅहॅस..." आणि तिथेच अडकला. वरून शांत आवाज आला. "सहस्रबुद्धे." 'स्र' सकट, 'द्ध' सकट. माझ्या सासऱ्यांनीही इतकं स्वच्छ म्हटलं नसतं. मला भरून आलं.

मग त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि अर्ज नामंजूर केला.