खाण नसलेल्या खाणीचे भागीदार व्हा

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. दारातला खनिज वाहणारा टिप्पर दोन पावसाळे गंजला, मग मिळेल त्या भावाला गेला आणि आलेले पैसे तुम्ही मुदतठेवीत टाकलेत. ते तिथे निवांत निजलेले असताना टोरांटोच्या भाच्याचा मेसेज येतो : ‘मामा, ही कंपनी बघा. सोन्याची. शेअर फक्त १२ सेंटांना.’ आता वेळ दवडू नका. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवू देते. तुमची मजल तिथवर नाही, पण सरकारचा विश्वास बघा केवढा!

फक्त काही पथ्यं पाळा, म्हणजे मन डळमळणार नाही.

सगळ्यात आधी, ही खाण कंपनी आहे असं धरून चाला. तशी ती नसते. तिकडे अशांना ‘ज्युनिअर’ म्हणतात : खाण नाही, माल नाही, गिऱ्हाईक नाही. परवाना असतो, नकाशा असतो आणि नकाशावर लाल ठिपके असतात. संचालकांचे पगार, विमानाची तिकिटं, परिषदांतले स्टॉल, सगळं नवे शेअर विकून भागवायचं. डोंगर पोखरून उंदीर काढणारा निदान डोंगर तरी पोखरतो. जमीन पोखरण्यात किती गेले आणि ऑफिसात किती जिरले, हे कॅनडाच्या ‘सेडार प्लस’ या संकेतस्थळावर ताळेबंद उघडला की कोणालाही फुकट दिसतं. म्हणूनच तो उघडायचा नाही. फुकटच्या गोष्टींवर आपला विश्वास नसतो.

नकाशा मात्र जरूर बघा. आपल्या कंपनीच्या जागेला लागून कुणा बड्या कंपनीची चालू खाण दाखवलेली असेल. पुरे झालं! तुमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घराला लागून आहे, म्हणजे तुम्हीही भाटकारच की. चाळीस वर्षं उगाच भाडं भरलंत.

मग येतात ड्रिलचे निकाल. ‘२० मीटरमध्ये टनामागे ३ ग्रॅम सोनं.’ वाचून अंगावर काटा येऊ द्या आणि पुढची बारीक अक्षरं सोडून द्या. तिथे लिहिलेलं असतं की त्यातल्या एकाच मीटरमध्ये ६० ग्रॅम होतं. उरलेल्या १९ मीटरमध्ये काय होतं? दगड. टोपभर हुमणाच्या कालवणात एकच सुंगट, म्हणजे कोळंबी, पण सरासरी काढली की पंगतीतल्या प्रत्येकाच्या पानात सुंगट पडलं! ड्रिल सोन्याच्या शिरेला काटकोनात मारला की तिरका, हेही विचारू नका. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट दिसते, काकडी जाड होत नाही, हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघणारे आणि बार्जमधल्या मालाच्या अर्ध्या टक्का ग्रेडवरून हमरीतुमरीवर येणारे तुम्ही, इथे सज्जनासारखे वागा.

‘साठा’ हा शब्द तर आपल्या सोयीसाठीच जन्माला आलाय. तिकडचे लोक उगाच कीस काढतात. जमिनीतल्या मालाची खात्री किती, त्यावरून अनुमानित, दर्शित आणि मोजलेलं संसाधन वेगवेगळं, आणि खर्च वजा जाता फायद्याने काढता येईल असं अभ्यासाने ठरलं तरच त्याला खरा साठा म्हणायचं. मराठीत सगळाच साठा. २०२० च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याच्या बातम्या झळकल्या, तेव्हाही हाच शब्द मदतीला धावला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने नंतर खुलासा केला : तिथल्या खनिजातून सुमारे १६० किलो सोनं निघू शकेल. टनांचे किलो झाले, साठा तो साठाच राहिला.

ड्रिलमधून निघणाऱ्या दगडाच्या नळकांड्यांबद्दलही, म्हणजे कोरबद्दल, चौकशी नको. रीत अशी की कोर उभा चिरून अर्धा तपासणीला धाडायचा आणि अर्धा जपून ठेवायचा, उद्या कुणाला शंका आली तर असावा म्हणून. बोर्निओतल्या बुसांगमध्ये ‘ब्रे-एक्स’ या कॅनडाच्या कंपनीने अख्खेच्या अख्खे तुकडे दळून धाडले. कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली. १९९७ मध्ये त्रयस्थांनी शेजारी पुन्हा ड्रिल मारले तेव्हा कळलं, नमुन्यांत सोनं होतं, पण ते नदीतलं आणि वरून घातलेलं. या प्रकरणानंतर कॅनडाने नियम कडक केले, अहवालावर पात्र तज्ज्ञाची सही सक्तीची केली. तेव्हा अहवालाच्या शेवटच्या पानावर सही आहे ना, एवढंच बघा. मधली दोनशे पानं जाड कागदाची असतात.

दरम्यान कंपनी ओळखीच्यांना सवलतीत नवे शेअर देते, वर भविष्यात आणखी घेण्याचा हक्कही देते. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तेवढ्याच, पाहुणे मात्र दर सहा महिन्यांनी वाढतात. असे शेअर चार महिने आणि एक दिवस विकता येत नाहीत. पाचव्या महिन्यात एखादी खुशखबर आली, तर तो निव्वळ योग समजा.

राहता राहिली परवाने, रस्ता, गाव, कोर्ट वगैरे किरकोळ बाब. तुम्ही तर डिचोलीचे. आपल्याकडे खनिज आहे की नाही, हा प्रश्न पोर्तुगीज अमदानीतच सुटला होता. टिप्पर होते, मांडवीत बार्ज होत्या, मुरगाव बंदर होतं, चीनसारखं गिऱ्हाईक होतं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द झालं. खनिज होतं तिथेच राहिलं, वर्षानुवर्षं जाग्यावरून हललं नाही. हे सगळं डोळ्यांनी बघितल्यावर, जिथे वर्षातले आठ महिने बर्फ असतो आणि रस्ता नसतो, तिथे पाच वर्षांत खाण सुरू होईल यावर तुमचा विश्वास बसायला हरकत नाही.

भाव तीन सेंटांवर आला की कंपनी दहा जुन्या शेअरांच्या बदल्यात एक नवा देईल. रातोरात भाव तीस सेंट! भाच्याला अंगठा पाठवा. थोड्या दिवसांनी कंपनीच्या नावातलं ‘गोल्ड’ जाईल. पत्ता तोच, संचालक तेच, ठिपकेही तेच.

‘मामा,’ भाच्याचा मेसेज येईल, ‘लिथियम.’