चारही चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही

गाडी घेणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो आणि तो बहुतेक वेळा मालकांच्याच तोंडून ऐकू येतो. थोडक्यात तो असा: ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान किंवा वॅगन घेतली की बर्फ, चिखल, पाऊस यांची चिंता मिटली. चारही चाकांना ताकद मिळत असल्यामुळे गाडी निसरड्यावर लवकर थांबते आणि वळणावर रस्ता सोडत नाही. हिवाळी टायर घ्यायची गरज नाही. कुठल्याही कंपनीची घ्या, यंत्रणा एकच. देखभाल साध्या गाडीइतकीच. आणि पुरावा म्हणून शेवटी एक वाक्य येतं: "इतकी वर्षं चालवतोय, एकदाही अडकलो नाही."

हे शेवटचं वाक्य खरं असतं, म्हणून त्याच्या आधाराने बाकीचंही गळी उतरतं. या गाड्या मला मनापासून आवडतात. जमिनीलगतची वॅगन, मागे भरपूर जागा आणि चारही चाकांना ताकद, याहून कामाची घरगुती गाडी दुसरी नाही असं माझं मत आहे. म्हणूनच त्यांची बाजू चुकीच्या कारणांनी मांडली गेली की मला गप्प बसवत नाही.

"निसरड्यावर लवकर थांबते"

नाही थांबत. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, मग इंजिनाची ताकद पुढे जात असो, मागे जात असो की सगळीकडे. ब्रेक दाबल्यावर गाडीला रोखतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातली पकड सांगणारा आकडा) ०.८ धरला तर, ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फासाठी ०.२ धरा, तेच अंतर ४९ मीटर होतं. गोठलेल्या गुळगुळीत रस्त्यासाठी ०.१ धरा, ९८ मीटर. या हिशोबात किती चाकं ओढतात याला जागाच नाही. उलट गरज पडेल तेव्हाच मागची चाकं जोडणाऱ्या हॅल्डेक्ससारख्या काही यंत्रणा एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू होताच मागच्या चाकांचा जोड सोडून देतात, म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला सगळ्यात जास्त मदत हवी असते, त्या क्षणी तुमची गाडी साध्या गाडीसारखीच असते.

एक सूट द्यायला हवी. लांब उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्या रोधावर उतरताना, कायम जोडलेल्या यंत्रणेत तो रोध चारही चाकांत वाटला जातो आणि गाडी जास्त स्थिर राहते. हा फायदा खरा आहे. पण समोर अचानक कोणी आडवं आलं तर तो उपयोगाचा नाही.

मग अनुभवी मालकांना उलट का वाटतं? माझ्या मते सगळी गोम इथे आहे. गाडी जागची हलवायचा प्रसंग दिवसातून कितीतरी वेळा येतो: सिग्नल, चढ, बर्फ साचलेलं पार्किंग. प्रत्येक वेळी गाडी सुरळीत निघते आणि विश्वास थोडा वाढतो. निसरड्यावर जीव खाऊन ब्रेक मारायचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. त्यामुळे "एकदाही अडकलो नाही" हा अनुभव निघण्याबद्दलचा आहे, थांबण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

याहून वाईट म्हणजे रस्ता निसरडा असल्याची सूचनाच हरवते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सिग्नलवरून निघताना चाक जरा गरगरलं, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकला, की चालवणारा आपोआप सावध होतो आणि पुढे हळू जातो. चारही चाकांत ताकद वाटली गेली की तेच निघणं गुपचूप होतं. दिवा लागत नाही, स्टिअरिंग हलकं पडत नाही, आणि माणूस कोरड्या रस्त्याच्या वेगाने पुढच्या चौकापर्यंत पोहोचतो. म्हणून या गाड्या चालवणाऱ्यांनी पकड ब्रेकने तपासायची सवय लावावी. मागेपुढे कोणी नसताना, ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगात, सरळ रस्त्यावर ब्रेक जरा जोरात दाबून बघा. पायाखाली एबीएसची खडखड किती लवकर सुरू होते, यावरून त्या दिवशीचा रस्ता कळतो.

"वळणावर रस्ता सोडत नाही"

टायरकडे पकड ठरावीक असते आणि ती ओढणं, थांबवणं आणि वळवणं या तीन कामांत वाटून जाते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला असेल तर ओढण्याचं काम चार टायरांत विभागलं जातं, म्हणून वळण्यासाठी प्रत्येकाकडे जास्त पकड उरते. २००४ च्या होंडा लेजंडपासून आलेली एसएच-एडब्ल्यूडी यंत्रणा तर मागच्या बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देऊन गाडी आत वळवायला मदत करते. तिचं मला मोठं कौतुक आहे. पण हे सगळं ॲक्सिलरेटरवर पाय असतानाचं. माणसं चुकतात ती वळणात शिरताना, पाय ब्रेकवर असताना. तिथे वेग जास्त झाला असेल तर पुढचे टायर घसरणार आणि गाडी सरळ जाणार, मागे बिल्ला कुठलाही असो. पाण्यावर गाडी तरंगू लागली तरी तेच. तिथे उपयोगी पडतात खोल खाचा, योग्य हवा आणि कमी वेग.

"हिवाळी टायर लागत नाहीत"

वरच्या दोन मुद्द्यांनंतर याचं उत्तर वेगळं द्यायची गरज पडू नये, पण सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात. म्हणजे घर्षणांकच वाढतो, आणि थांबायचं अंतर त्याच्यावरच अवलंबून आहे. बर्फावर हिवाळी टायर घातलेली साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांवर चालणारी) गाडी उन्हाळी टायरवरच्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीच्या आधी थांबते. चढ चढताना कदाचित ती मागे राहील, पण थांबताना नाही.

बाजूच्या भिंतीवर 'एम+एस' लिहिलंय म्हणून समाधान मानू नका, ती खूण मिळवायला बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह बघा, ते चाचणीनंतरच मिळतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह ग्राह्य धरतात, नुसतं एम+एस चालत नाही. आणि टायर बदलायचे तर चारही. दोनच का नको, ते पुढे येतंच आहे.

"यंत्रणा सगळ्यांची एकच"

रस्त्यावरच्या गाडीला चारही चाकांची ताकद देण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६६ ची जेन्सन एफएफ, १९७२ ची सुबारू लिओनी वॅगन, अमेरिकेतली एएमसी ईगल, आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हात आलेली ऑडी क्वाट्रो. तेव्हापासूनच प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे. ऑडीच्या इंजिन लांबीने बसवलेल्या अनेक सेडान-वॅगनमध्ये टॉर्सन हे गिअरचं मधलं डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत ताकद वाटणारा भाग) आलं. ते ताकद सतत पुढे-मागे दोन्हीकडे देतं, पण पुढची किंवा मागची चाकं पूर्ण हवेत गेली तर दुसऱ्या जोडीला फारसं काही पोहोचवू शकत नाही, तिथे ब्रेकची मदत लागते. फोक्सवॅगन गोल्फच्या कुळातल्या गाड्या एरवी जवळजवळ पुढच्या चाकांवरच चालतात आणि गरज पडली की हॅल्डेक्सचा क्लच मागची चाकं जोडतो. सुबारूच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमध्येही बऱ्याच वर्षांच्या मॉडेलांत मूळ रचनाच वेगळी होती. आणि २०१९ च्या प्रियसमध्ये मागे फक्त सात हॉर्सपॉवरची छोटी मोटर होती, ती ताशी साधारण ७० किलोमीटरपर्यंतच साथ द्यायची. या सगळ्यांना एकाच नावाखाली एकच वचन कसं देणार?

शिवाय जमिनीपासूनची उंची वेगळीच. सुबारूची शेवटच्या पिढीची लेगसी सेडान आणि तिचं भावंड असलेली आउटबॅक यांची यंत्रणा एकाच घराण्यातली, पण एकीची उंची १५० मिलिमीटर आणि दुसरीची २२०. खोल बर्फात सेडानचं पोट टेकलं की चारही चाकं नुसती फिरत राहतात.

"देखभाल साध्या गाडीइतकीच"

हे ऐकून गाडी घेतलेल्यांचे हाल पहिला टायर फुटतो तेव्हा सुरू होतात. २०५/५५ आर १६ मापाचा टायर घ्या. नवा असताना घेर जेमतेम दोन मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५०४ फेरे. तोच टायर चार मिलिमीटर झिजला की ५१० च्या आसपास. तीन अर्धे झिजलेले आणि एक कोरा असं बसवलं, तर दर किलोमीटरला सहा फेऱ्यांचा फरक पडतो, सरळ रस्त्यावर, तासन्‌तास. साध्या गाडीत हा फरक दोन चाकांमधलं डिफरन्शियल सहज पचवतं. इथे मात्र पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच किंवा व्हिस्कस (घट्ट द्रवावर चालणारा) जोड तो फरक सतत झेलत तापत राहतो. सुबारू चार टायरांच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरहून कमी फरक ठेवायला सांगते. खाचांच्या भाषेत हे जेमतेम एक मिलिमीटर झालं. म्हणून एक टायर गेला की अनेकदा चार घ्यावे लागतात, किंवा नवा टायर तासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणावा लागतो. स्टेपनी लहान असेल तर तिच्यावर फार अंतर जाऊ नये. जुन्या सुबारू ऑटोमॅटिकमध्ये तर त्यासाठी बॉनेटखाली एक खास जागा असायची, तिथे फ्यूज लावला की मागची चाकं सुटायची.

हॅल्डेक्सवाल्यांची कथा आणखी शांतपणे घडते. क्लचची झीज तेलात मिसळते, पाचव्या पिढीच्या जोडात ती पंपाच्या बारीक जाळीवर साचते, पंप दम लागून जळतो आणि मागची चाकं काम करणं सोडून देतात. अनेकदा डॅशबोर्डवर काहीच येत नाही. मालक वर्षभर फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी चालवत असतो आणि त्याला ते पहिल्या बर्फात कळतं. दर तीन वर्षांनी तेल बदलणं आणि त्याच वेळी जाळी साफ करून घेणं, एवढ्याने हे टळतं.

टो करायची वेळ आली तर गाडी पूर्ण ट्रकवर चढवूनच न्यायला सांगा. दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर ओढली की जोड खराब व्हायला वेळ लागत नाही.

विरोधकांचं एक वाक्यही खोडायला हवं, की या गाड्या इंधन फार पितात. जुन्यांबाबत ते बरंचसं खरं होतं. पण अमेरिकेच्या अधिकृत आकड्यांत २०२५ ची हायब्रिड कॅमरी एलई फ्रंट-व्हीलमध्ये गॅलनला ५१ मैल देते आणि ऑल-व्हीलमध्ये ५०. आपल्या मापात हा फरक लिटरमागे अर्धा किलोमीटरही नाही.

तेव्हा अशी वापरलेली सेडान किंवा वॅगन बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी खाली वाका. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आहेत का बघा आणि प्रत्येकाच्या खाचेची खोली मोजा. मागच्या जोडाचं तेल कधी बदललं त्याची नोंद मागा. मग मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी गरम झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. कोणीतरी ब्रेक दाबल्यासारखी गाडी अडखळत असेल, गचके देत असेल, तर मधला जोड अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याची तपासणी होईपर्यंत व्यवहार करू नका.